नर्मदेचं पाणी आणि आत्याची दोन फुटी टाकी

[इंदूर, पहाट. गल्लीत नळ आलाय, मोटारींचा आवाज]

इंदूरला जो पाऊस पडतो तो नर्मदेत जात नाही. तो कान्ह नदीतून क्षिप्रेत, क्षिप्रेतून चंबळेत, पुढे यमुनेत आणि शेवटी गंगेत जातो, आणि आपण पितो मात्र नर्मदा. १९७८ पासून हे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांवर पंप लावून विंध्य चढून सत्तरेक किलोमीटर वर येतंय. माशांच्या व्हिडिओत हे आधी सांगतोय कारण टाकीत कोण टिकणार ते बरंचसं इथेच ठरतं, या नळावर.

[रामबागेतलं जुनं घर. हॉलमध्ये खिडकीपासून जरा आत काचेची टाकी]

ही माझ्या आत्याची टाकी. लांबी दोन फूट, रुंदी एक, उंची सव्वा फूट. काठोकाठ भरली तर सत्तर लिटर बसतं, पण वाळू, दगड, वर सोडलेली दोन बोटं जागा हे सगळं धरलं की पाणी उरतं पंचावन्न-साठ लिटर, म्हणजे बाथरूममधल्या तीन बादल्या. तीन बादल्या पाण्यात आयुष्यभर कोणाला ठेवायचं हा प्रश्न आहे, आणि गेल्या वर्षी मी तो स्वतःला विचारलाच नाही.

झालं असं की आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन-तीन महिने घराबाहेर पडणं नाही, म्हटलं हिला बघायला काहीतरी जिवंत पाहिजे. एका दुकानात गेलो, टाकी घेतली, आणि दुकानदार म्हणाला, भैया सब साथ में रह लेंगे, आराम से. त्याने पिशव्या भरल्या. दोन अँगल म्हणजे एंजलफिश, सहा निऑन, चार टायगर बार्ब, दोन गोल्डफिश, दोन शार्क आणि काच साफ करायला एक सकर. सतरा मासे. त्याच संध्याकाळी टाकी भरली, त्याच संध्याकाळी मासे सोडले, आणि ती टाकी इतकी सुंदर दिसत होती की शेजारपाजारचे बघायला आले.

चौथ्या दिवशी गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले. दोन आठवड्यांनी एका अँगलच्या खालच्या पंखांच्या लांब दोऱ्या तुटलेल्या. आणि निऑन रोज सकाळी एकेक कमी. आत्या चहा घेऊन खुर्चीवर बसायची आणि मोजायची, आज चारच आहेत रे. मग तीन. मग तिने मोजणं सोडून दिलं, आणि ते मला जास्त लागलं.

दिवाळीपर्यंत टाकीत फक्त सकर उरला होता.

[जवळून: सकरचं तोंड काचेला चिकटलेलं]

यात एकही मासा वाईट नव्हता, हे मला नंतर वाचून, विचारून, बघून कळलं. अँगल हा ॲमेझॉन खोऱ्यातला मासा, दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा असतो, पण वाढला की पंखांसकट वीतभर उंच होतो, आणि त्याच्या तोंडात निऑन बरोब्बर मावतो, म्हणून तो खातो, निसर्गातही तो छोटे मासे खातोच. टायगर बार्ब कळपात राहणारा मासा, आठ-दहा असले की आपसात पळापळी करून दमतात, चारच असले की ती सगळी मस्ती दुसऱ्याच्या शेपटीवर निघते, आणि अँगलच्या लोंबत्या दोऱ्या समोर असल्या तर विचारूच नका. गोल्डफिशला गार पाणी मानवतं, तो भरपूर खातो, भरपूर घाण करतो आणि वीतभर वाढतो, त्याची सोय निऑनबरोबर करायची म्हणजे दोघांपैकी एकाला कायम त्रास.

आणि शार्क. हा शार्क नाहीच मुळात. दुकानात बोटभर असतो, चांदीसारखा चमकतो, पण हा पंगास, आपल्याकडच्या हॉटेलांत बासा म्हणून जो फिश फ्राय मिळतो तो बहुतेक वेळा हाच मासा असतो, आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीतला, मीटरभर लांब होणारा. दोन फुटांच्या टाकीत तो घाबरून काचेवर डोकं आपटत राहतो. आमचे दोघं तसेच गेले.

[दृश्य: दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात बोरिंगचं]

आता पाणी. आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते, मधल्या दिवशी बोरिंग, उन्हाळ्यात तर टँकरसुद्धा, आणि हे सगळं एकाच हौदात जातं. इंदूरखाली सगळा काळा बेसाल्ट दगड, त्याच्या भेगांमधून आलेलं बोरिंगचं पाणी जड असतं, म्हणजे क्षार जास्त, गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो ना, तोच पुरावा. नर्मदेचं त्या मानाने हलकं, पण तेही ॲमेझॉनच्या पाण्यासारखं मऊ आणि आंबट नाही, साताच्या वरच राहतं त्याचं पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, सातखाली आंबट. निऑन टेट्रा १९३६ मध्ये शास्त्रात नोंदला गेला तो पेरूकडच्या ॲमेझॉनमधला, तिथलं पाणी कुजलेल्या पानांनी चहासारखं झालेलं, क्षार जवळपास नाहीतच. आजचे निऑन फार्मवर वाढलेले असतात, थोडं जुळवून घेतात हे खरं, पण आज नर्मदा उद्या बोरिंग परवा टँकर असं पाणी मिळालं तर एवढासा जीव किती जुळवून घेणार. म्हणून मी आता मत बनवलंय, पावडरी टाकून पाणी माशाजोगं करण्यापेक्षा पाण्याजोगा मासा आणावा. पावडरचा परिणाम पुढच्या पाणी बदलापर्यंत, आणि पाणी तर दर आठवड्याला बदलायचंच आहे.

एक गोष्ट मात्र हातात होती ती केली. आता आत्याची टाकी फक्त नर्मदेची. नळ आला की दोन बादल्या वेगळ्या भरून ठेवायच्या, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला अँटी-क्लोरीनचे थेंब घालायचे, मगच ते पाणी टाकीत.

[दृश्य: टाकीत नुसती झाडं, वाळू, स्पंज फिल्टरचे बुडबुडे. मासे नाहीत]

सहा आठवडे टाकी अशीच रिकामी चालू ठेवली. येणारा जाणारा विचारायचा, मासे कुठेत? आत्या सांगायची, अजून घर तयार होतंय त्यांचं. आणि ते अगदी खरं होतं. मासा जे खातो त्याची घाण होते, घाणीतून अमोनिया निघतो, अमोनिया कल्ले जाळतो. फिल्टरच्या स्पंजवर एक जातीचे बॅक्टेरिया बसतात ते अमोनियाचा नायट्राइट करतात, तोही विषारीच, मग दुसऱ्या जातीचे येतात ते नायट्राइटचा नायट्रेट करतात, जो थोडाफार चालतो आणि पाणी बदललं की निघून जातो. हे बॅक्टेरिया दुकानातून टाकीबरोबर येत नाहीत, त्यांना महिना दीड महिना लागतो. तोपर्यंत रोज चिमूटभर खाणं टाकत राहायचं, माशांशिवाय, म्हणजे त्यांना खायला अमोनिया मिळतो. टेस्ट किटमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं की समजायचं झालं. गेल्या वर्षी चौथ्या दिवशी गोल्डफिश का धापा टाकत होते ते मला या रिकाम्या टाकीसमोर बसून समजलं, आणि फार वाईट वाटलं. पीएच साताच्या वर असलेल्या पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणजे आपल्या इंदूरच्या पाण्यात ही घाई आणखी महागात पडते.

सकर तोपर्यंत कुठे होता? एका मोठ्या टबमध्ये, फिल्टर लावून. त्याचं पुढे सांगतो.

[दृश्य: आत्या वहीत लिहितेय]

मग यादी करायला बसलो. आत्याला निऑनच पाहिजे होते. मी तिला समजावलं, ती ऐकत होती, मग म्हणाली, म्हणजे आपल्याकडचेच कोणीतरी आण ना, परदेशातले कशाला. आणि हे तिने सहज म्हटलं पण तिथेच उत्तर होतं.

झेब्रा. दुकानात झेब्रा दानिओ म्हणतात, अंगावर निळ्या पट्ट्या, दीड इंचाचा, अत्यंत चपळ. हा आपला मासा. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांमध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणजे आपला पाऊस जिकडे वाहत जातो त्याच खोऱ्यातला. ओढे, भातशेतं, उथळ पाणी, थंडीत गार उन्हाळ्यात गरम, हे सगळं त्याच्या रक्तात आहे. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये हाच मासा आहे, अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९८१ मध्ये याचेच क्लोन करून दाखवले, आणि माणसाच्या साधारण सत्तर टक्के जनुकांना याच्यात जोडीदार जनुक सापडतं. आपण मात्र दुकानात याच्याकडे बघत नाही, कारण स्वस्त आहे. सहा घ्यायचे, कमी नाही. एकटा झेब्रा दुसऱ्यांच्या मागे लागतो, सहा असले की एकमेकांच्या मागे.

खाली वाळूवर कोरी. कोरीडोरास, त्यातला ब्रॉन्झ, हा दक्षिण अमेरिकेतलाच आहे पण थोडं जड पाणी सहज सोसतो. मिश्या असतात, त्या वाळूत खुपसून खाणं शोधतो, म्हणून टोकदार खडी नको, बारीक वाळू पाहिजे, नाहीतर मिश्या झिजून जातात. मध्येच सुळकन वर येऊन हवेचा घोट घेऊन खाली जातो, ते आजारपण नाही, तो आतड्यातूनही श्वास घेतो. आणि एक लक्षात ठेवा, आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावर टाकीत मूठभर मीठ टाकायचा सल्ला मिळतो, मॉलीला ते मानवतं, कोरीला बिलकूल नाही. मासे भांडत नाहीत म्हणजे एकत्र राहू शकतात असं नसतं, औषधसुद्धा एकच चालायला हवं.

मधल्या थरात तीन प्लेटी, लाल. प्लेटीला, गप्पीला, मॉलीला जड पाणीच आवडतं, इंदूरसाठी ही मंडळी वरदान आहेत. गप्पी का नाही घेतले? एक तर झेब्रा कधी कधी त्यांच्या लांब शेपटीला तोंड लावतात, दुसरं म्हणजे गप्पीची मादी एकदा नराजवळ राहिली की पुढचे कित्येक महिने दर चारेक आठवड्यांनी पिल्लं देऊ शकते, आणि साठ लिटर लगेच भरतं. प्लेटीही पिल्लं देतात, म्हणून तिन्ही नर घेतले. नर ओळखायला खालचा मागचा पंख बघायचा, नराचा काडीसारखा बारीक असतो, मादीचा पंख्यासारखा. दुकानात दहा मिनिटं उभं राहून बघितलं तर दिसतो.

सहा झेब्रा, पाच कोरी, तीन प्लेटी. बस. कोरी खरं तर सहा हव्या होत्या, दुकानात पाचच निरोगी दिसल्या. एकीच्या अंगावर साखरेच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके होते, ती ज्या टाकीत होती त्यातलं काहीच घेतलं नाही. आणि सगळे एकदम सोडले नाहीत, आधी झेब्रा, दोन आठवड्यांनी कोरी, मग प्लेटी, म्हणजे बॅक्टेरियांना वाढत्या घाणीची सवय होते.

[दृश्य: सिरपूर तलाव, पक्षी]

सकरचं राहिलं. तो आता हातभर होण्याच्या वाटेवर आहे, दीड फुटापर्यंत जातो. मला एकाने सांगितलं, सिरपूरला सोडून दे, तलाव मोठा आहे. असं करू नका, हात जोडून सांगतो. सिरपूर आणि इथलाच यशवंत सागर, दोन्ही तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेत. सकरच्या अंगाला चिलखत आहे, आपल्याकडचे पक्षी-मासे त्याला सहज खाऊ शकत नाहीत, तो काठाला बिळं खणतो, शेवाळ आणि दुसऱ्यांची अंडी साफ करतो. असे सकर गंगेत वाराणसीजवळ सापडलेत, कोणाच्या तरी टाकीतूनच गेलेले असणार. आमचा सकर शेवटी ओळखीच्यांच्या सहा फुटी टाकीत गेला, विचारत विचारत दोन महिने लागले.

[दृश्य: जानेवारीची रात्र, टाकीचा दिवा]

थंडीत इथे रात्री पारा दहाच्या खाली जातो, पंच्याहत्तर वॉटचा हीटर चोवीसवर लावलाय. मे महिन्यात उलट, टाकीवर छोटा पंखा लागेल, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

परवा माझी मुलगी शाळेतून येताना एक पिशवी घेऊन आली, आत दोन टायगर बार्ब. आत्याआजी, तुझ्यासाठी. आत्याने पिशवी उजेडात धरून नीट बघितली, छान आहेत ग म्हणाली, आणि मग विचारलं, यांची बाकीची मंडळी कुठेत? मुलगी म्हणाली, दुकानात. संध्याकाळी दोघी रिक्षाने दुकानात गेल्या, आत्याने पिशवी शालीखाली धरली होती, बाहेर गार वारा होता.