माइक चालू, तोंडात घास

(दृश्य : मोबाइलचा आडवा स्क्रीन. विमानाखालून एरँगलचा, म्हणजे खेळातल्या बेटाचा, नकाशा सरकतोय. चार जणांचे आवाज.)

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळातलं विमान निघालंय, शंभर जण उडी मारायच्या तयारीत आहेत, आणि या चौघांचं कुठं उतरायचं तेच ठरलेलं नाही. ‘पोचिंकी’ असं कुणीतरी पुटपुटलं, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नाही. वाद भलताच पेटलाय. पोह्यांवर तर्री ओतणं हा गुन्हा आहे की नाही?

नागपूरचा गडी हिंजवडीत नोकरीला. कोल्हापूरचा कोल्हापुरातच. तिसरा जळगावचा, पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. निदान घरी तसं सांगितलंय. चौथा कुडाळकडचा, भाईंदरला खोली घेऊन राहतो. चौघांची समोरासमोर गाठ क्वचित पडते, पण एकमेकांच्या घरी आज काय शिजलं ते चौघांनाही ठाऊक असतं.

‘चण्याची तर्री टाकल्याशिवाय पोहे घशाखाली उतरतात कसे बे तुमच्या?’ नागपूर विचारतं.

‘भावा, त्यापेक्षा सरळ मिसळ खा की,’ कोल्हापूर म्हणतं. ‘कट, फरसाण, ब्रेड. विषय संपला.’

विषय अर्थातच संपत नाही.

(दृश्य : खेळणाऱ्याचे हात. चार बोटं स्क्रीनवर, शेजारी स्टीलची वाटी.)

हा खेळ खेळताना खायचं काय, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. दोन्ही अंगठे गुंतलेले असतात. जरा मुरलेला खेळाडू असेल तर तर्जन्याही. बोटाला तेल लागलं की काचेवर ओघळ उठतो, निशाणा धरायला जावं तर बोट घसरतं आणि समोरचा गोळी घालून मोकळा होतो. म्हणून भजी बाद, मिसळ बाद, तर्री पोहे तर सपशेल बाद. भडंग चालतं, पण चमच्यानं. चिवडा चमच्यानं खाणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे जरा संशयानंच पाहिलं जातं. या मंडळींत मात्र ती शहाणपणाची खूण आहे. खरं जेवण मॅच संपल्यावर, किंवा लवकर मेलं तर लवकर. मग मेलेला माणूस माइक चालू ठेवून जेवतो आणि जिवंतांना सल्ले देतो. मागून ताटाचा आवाज येतो. ‘काय खातोयस?’ हा प्रश्न ‘एनिमी कुठंय?’च्या आधी येतो.

खेळ आणि खाणं यांची सोयरीक आपल्याकडे जुनीच आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं गावोगावी व्हिडिओ गेमची पार्लरं होती. नाणं टाकायचं आणि ‘मुस्तफा’ खेळायचा. कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ साली काढलेल्या त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. त्यातल्या चार पात्रांपैकी चपळ मुस्तफा पोरांना आवडला आणि अख्खा खेळच त्याच्या नावावर झाला. त्यात मार खाऊन जीव कमी झाला की रस्त्यातले ड्रम फोडायचे, आतून खाणं निघायचं. ते उचललं की जीव भरला! शेजारी उभा असलेला दोस्त ओरडायचा, ‘तू नको घेऊ, मला दे, माझा संपत आलाय!’ खाण्याची ही वाटणी ज्यांनी केली त्यांतल्या कित्येकांना आज स्वतःची पोरं आहेत आणि ती पोरं बीजीएमआय खेळतात.

बीजीएमआयची पूर्वपीठिका थोडक्यात सांगून टाकू. २०१८ साली पबजी मोबाइल भारतात आला. जिओमुळे डेटा आधीच स्वस्त झाला होता, त्यामुळे तो वणव्यासारखा पसरला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजीही गेला. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय म्हणून परतला, वर्षभरानं ॲप स्टोअरवरून पुन्हा गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. या उलथापालथीत टोळ्या मोडल्या नाहीत. मंडळी लुडोवर गेली, कॉल ऑफ ड्यूटीवर गेली. गप्पा चालूच राहिल्या, कारण गप्पांना कुठलाही खेळ चालतो.

जिंकणाऱ्याला हा खेळ काय देतो? पडद्यावर ओळ झळकते, ‘विनर विनर चिकन डिनर’. वर्षाचे अकरा महिने ठीक आहे. श्रावणात मात्र जळगाववाल्याची पंचाईत होते. घरी महिनाभर कांदा-लसूणही बंद आणि इथं जिंकलं की चिकन. कोल्हापूरवाला मुद्दाम विचारतो, ‘मग मारू का शेवटचा एनिमी, का राहू दे? तुझा उपास मोडंल.’

(दृश्य : शहरातली एक खोली. गॅसची एकच शेगडी, छोटा कुकर.)

या गप्पा बराच वेळ ऐकल्यावर एक गोष्ट लक्षात येते. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी यांची नावं जवळजवळ येतच नाहीत. सणाचं जेवण पाहुण्यांसाठी, कौतुकासाठी असतं. ही पोरं आठवतात ते आईनं रात्री साडेआठला ‘आता काय करू?’ म्हणत केलेलं. पिठलं. मऊ भात. मुगाची खिचडी. कुडाळवाल्याला उकड्या तांदळाची पेज हवी असते, सोबत चुलीवर भाजलेला सुका बांगडा. ‘माका दुसरा काय नको,’ तो म्हणतो, आणि तेवढं एकच वाक्य तो मालवणीत बोलतो. जळगाववाला कळण्याच्या भाकरीचं वर्णन करतो. ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळायचे, भाकरी जाडसर थापायची, वर तेल, ठेचा, कच्चा कांदा. भरिताचा विषय निघाला की तो हमखास सांगतो, जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. ही माहिती त्यानं आजवर बऱ्याच जणांच्या डोक्यात मारलेली आहे.

आणि नागपूरवाल्याचा गोळाभात. हरभऱ्याच्या डाळीचं भरड पीठ, त्यात तिखट, मीठ, हळद, थोडं तेल. मुठीत दाबून गोळे वळायचे. भात अर्धामुर्धा शिजला की ते त्यात पुरून ठेवायचे आणि झाकण लावायचं. वाफेत गोळे शिजतात, डाळीचा वास भाताला लागतो. ताटात गोळा कुस्करायचा, त्यावर मोहरी-हिंगाच्या फोडणीचं कडकडीत तेल, बाजूला चिंचेचं सार. तेल पडताना जो चर्र आवाज होतो तो हा पठ्ठ्या तोंडानं काढून दाखवतो. एकदा तो आवाज काढता काढता घराच्या दारात कुणी उभं आहे हे त्याला दिसलंच नाही. नॉक झाला, म्हणजे गोळी लागून आडवा. रिव्हाइव्ह करायला, म्हणजे उठवायला, धावलेला कुडाळवालाही गेला.

मिसळ हिंजवडीत मागवता येते. गोळाभात कुठल्या मेन्यूवर सापडत नाही, पेजही नाही. हॉटेलनं जे विकायला घेतलं नाही तेच या गप्पांत पुन्हापुन्हा येतं. मला वाटतं, एवढी भांडणं होतात ती त्यामुळंच. जे मिळत नाही त्याची बाजू जोरात मांडावी लागते.

रविवारी टोळीत पाचवा येतो. तो म्युनिकला असतो, मूळचा लातूरचा. बीजीएमआय भारतापुरताच असल्यामुळं त्याच्यासाठी सगळे माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या जगातल्या खेळावर जातात आणि बोलायला डिस्कॉर्ड ॲप लावतात. इथं रात्र झालेली असते, तिकडं संध्याकाळ. तो स्वयंपाक करता करताच बोलतो, त्यामुळं मोहरी तडतडल्याचा आवाज चौघांच्या कानात येतो. बहुतेकदा तो सुशीला करतो. चुरमुरे भिजवायचे, घट्ट पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकायचे, वर डाळ्याचं कूट. मराठवाड्याबाहेर हा पदार्थ फार कुणाला माहीत नसतो. कोल्हापूरवाल्याला वाटलं होतं, सुशीला ही याची कुणी आत्या असावी.

(दृश्य : माइनक्राफ्टचं शेत. चौकोनी गहू, चौकोनी गाय.)

माइनक्राफ्टमध्ये मात्र भूक खरी आहे. पडद्याच्या तळाशी कोंबडीच्या दहा तंगड्या दिसतात. पळालं, उड्या मारल्या, की त्या रिकाम्या होत जातात. तीन गहू एका ओळीत मांडले की पाव तयार होतो आणि त्यानं अडीच तंगड्या भरतात. गाईचं भाजलेलं मांस चार भरतं. बटाटे आहेत, गाजरं आहेत, बीट आहे, अगदी केकसुद्धा आहे. ज्वारी नाही. तांदूळ नाही. कुडाळवाल्यानं डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची खाचरं बांधली, कडेनं पाणी सोडलं आणि खाचरांत गहू पेरला. दिसायला अगदी भातशेती.

मग तो ‘वेंबा’चा विषय निघाला. २०२३ साली आलेला हा छोटासा खेळ, टोरोंटोच्या विसाई गेम्सचा. ऐंशीच्या दशकात कॅनडाला गेलेलं एक तमिळ कुटुंब, आईची फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही, आणि पुसलेल्या ओळी अंदाजानं भरत पदार्थ बनवायचे. इडलीपात्राच्या ताटल्या नीट रचल्या नाहीत तर वाफ सगळीकडे पोचत नाही, हे त्यात कोडं म्हणून येतं. पुढच्या वर्षी त्याला पदार्पणाच्या खेळासाठीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. म्युनिकवाल्यानं तो एका बैठकीत संपवला आणि नंतर बराच वेळ तो काही बोलला नाही, असं कोल्हापूरवाला सांगतो.

तेव्हापासून या टोळीचं एक टुमणं आहे. असा खेळ मराठीत हवा. पुण्यात खेळ बनवणारे आहेतच. ‘राजी’ पुण्याच्याच नॉडिंग हेड्सनं बनवला, ‘इंडस’ सुपरगेमिंगनं. कोडी तर तयारच आहेत. पिठल्यात गुठळ्या होऊ न देता पीठ पेरायचं. थालीपिठाला भोकं किती पाडायची. फोडणीत हिंग कधी, हळद कधी. गोळा फुटू न देता भात किती ढवळायचा. नागपूरवाला म्हणतो, ढवळायचाच नाही, तीच तर परीक्षा आहे.

अडलंय ते पहिल्या पातळीवर. खेळ कुठल्या पदार्थानं सुरू करायचा?

(दृश्य : पुन्हा एरँगल. निळा झोन सरकतोय. घड्याळ उलटं मोजतंय.)

‘मिसळ.’

‘कुठली?’

‘कुठली म्हणजे? कोल्हापुरी.’

‘नाशिकवाले मारतील.’

‘भो, सोपं काहीतरी ठेव. भरीत.’

‘पेज. पाणी, तांदूळ, मीठ. लहान पोरालाही जमेल.’

झोन अंगावर येतोय. गाडी समोर उभी आहे, चालवायला कुणी बसत नाही. नागपूरवाला तर्रीचे मुद्दे आकडे घालून मांडतोय. चौघंही निळ्यात गेले, चौघांचाही जीव घसरायला लागला, आणि एका पाठोपाठ एक चौघंही मेले. क्रमांक एकोणीस.

परत लॉबी. ‘रेडी’चं बटण तिघांनी दाबलं. कोल्हापूरवाला थांबलाय.

‘आधी सांगा, मिसळ का नको?’