बंबाला धुराडं होतं, मग गिझरला का नाही?

नमस्कार मंडळी. मुंबईत थंडी पडलीये म्हणतात, म्हणजे आपली थंडी, सकाळी फॅन एक नंबर कमी करायची, पण तेवढ्यावरसुद्धा घरोघरी बाथरूमच्या खिडक्या बंद होतात, गिझर जास्त वेळ चालतो, आणि नेमके त्याच दिवसांत मला फोन यायला लागतात की काका, ज्योत पिवळी दिसतेय, किंवा आंघोळ करून आलं की डोकं जड होतंय. मी गॅस गिझर बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो, सव्वीस वर्षं झाली, लालबागच्या गॅस कंपनी लेनच्या आसपास सुरुवात केली आणि आता भांडुप-मुलुंडकडे जास्त असतो. भाषण वगैरे मला जमत नाही, रोज गिऱ्हाइकाला जे सांगतो तेच सांगणार आहे, फक्त आज मी स्टुडिओत बसून बोलतोय, तुम्ही मध्येच "अहो पण जागाच नाहीये" असं म्हणू शकत नाही, तेवढाच माझा फायदा.

आमच्या आजीकडे तांब्याचा बंब होता. ज्यांनी बघितलाय त्यांना आठवेल, मधोमध नळकांडं, त्यात वरून ढलप्या नाहीतर कोळसे टाकायचे, खाली राखेची जाळी आणि भोवती पाणी. चाळीतल्या खोलीत तो बंब कोणी आत मोरीत पेटवत नसे, बाहेर गॅलरीत पेटवायचा, कारण धूर. डोळे चुरचुरायचे, शेजारीण ओरडायची, वाळत घातलेल्या साड्यांना वास लागायचा. त्यामुळे बंब कुठे ठेवायचा हे कुणाला शिकवावं लागलं नाही. मग गॅस आला, निळी ज्योत, काजळी नाही, डोळ्यात पाणी नाही, आणि आपण धरून चाललो की आता धूरच नाही, मग ठेवा कुठेही, अगदी शॉवरच्या डोक्यावर. अहो पण जळतंय ना काहीतरी? जळणाऱ्या गोष्टीला हवा लागते आणि जळून झालेलं बाहेर टाकायला वाट लागते, गॅसला यातलं काही माफ नाहीये.

आता थोडा हिशोब करू, कंटाळू नका. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा नेहमीचा गिझर घ्या. पंधरा मिनिटं तो पूर्ण चालला तर साधारण पाव किलो गॅस जाळतो, आणि तेवढ्यासाठी शंभर घनफुटांच्या आसपास हवा खातो. तुमचं बाथरूम केवढं? चार बाय पाच, उंची आठ फूट, म्हणजे एकशेसाठ घनफूट, त्यातनं बादल्या, वॉशिंग मशीन आणि आपण स्वतः वजा करा. म्हणजे दार-खिडकी लावून पंधरा मिनिटांची आंघोळ केली तर खोलीतली अर्ध्याच्या वर हवा त्या बर्नरमधून जाऊन आलेली असते, वर पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आपल्याला परत मिळालेला असतो. आणि खरी गडबड पुढे आहे, हवेतला ऑक्सिजन कमी झाला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड बनायला लागतो. तो वाढतो तसा आतला माणूस म्हणतो, आज गरम पाण्यात काय बरं वाटतंय, जरा सुस्ती आली.

या गॅसला वास नाही, रंग नाही. खूप जण मला सांगतात, "आमच्याकडे लीक असता तर वास आला असता." बरोबर, सिलेंडरच्या आणि पाइपच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, पण तो न जळलेल्या गॅसला. जळताना तो वास निघून जातो. म्हणजे लीक एक तक्रार आणि हा धूर वेगळीच तक्रार, आणि दुसरीला नाक उपयोगाचं नाही. रक्तात ऑक्सिजनच्या दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो हा मोनॉक्साइड. हवेच्या दहा लाख भागांत सोळाशे भाग झाला, म्हणजे टक्क्याचा सहावा हिस्सासुद्धा नाही, तरी वीस मिनिटांत डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, आणि एक-दोन तासांत माणूस जाऊ शकतो. त्यात पाय आधी जातात, म्हणजे कडी तीन फुटांवर दिसत असते आणि हात तिथपर्यंत पोचत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीकडे विक्रोळीला गिझर मीच बसवला होता, बाथरूमच्या आत, नळाच्या वर. हे सांगायला लाज वाटते पण सांगतो. ती म्हणाली होती, "दादा, किचनमध्ये नको, टाइल्स नवीन लावल्यात, भोक नको पाडूस," आणि मी म्हटलं चल, खिडकी आहे ना. दोन वर्षं काही झालं नाही. मग भाची आंघोळीहून आली की चक्कर यायला लागली, एकदा दारातच बसली, आणि तो सोमवार होता, तिचा उपास, त्यामुळे सगळ्यांनी खापर उपासावर फोडलं. पुढच्या वेळी ॲसिडिटी झाली. मी रविवारी जेवायला गेलो तेव्हा सहज बाथरूममध्ये डोकावलो तर खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर आतून थर्माकोल लावलेलं, डास येतात म्हणून, आणि गिझरच्या वरच्या फटीभोवती काळं. जेवण राहिलं बाजूला. भाची म्हणाली, "मामा, मग उपास करू का नको?" म्हटलं कर, पण आंघोळ बादलीने. पुढच्या आठवड्यात गिझर ड्राय बाल्कनीत, म्हणजे किचनला लागून धुण्याभांड्यासाठी उघडी जागा असते तिथे, नेला, आठ फूट गरम पाण्याचा पाइप ओढला, एका टाइलला भोक पडलं, बहीण अजून ते दाखवते.

तर पहिली गोष्ट जागेची. गिझर बाथरूमच्या बाहेर, ड्राय बाल्कनीत किंवा किचनच्या उघड्या खिडकीपाशी, आणि आत फक्त पाइप. पाइप लांब झाला की सुरुवातीचं थंड पाणी एक तांब्याभर वाया जातं, जाऊ द्या, झाडांना घाला. आणि ड्राय बाल्कनी म्हणजे ड्राय बाल्कनीच हं, स्लायडिंग लावून, वर पत्रा टाकून, तिची स्टोअर रूम केलेली असेल तर ते परत बाथरूमच झालं.

बाहेर हलवणं शक्यच नसेल, भाड्याचं घर, मालक ऐकत नाही, तर मग आजपासून एकच करा, बादली भरा, गिझर बंद करा, दार उघडं ठेवून दोन मिनिटं थांबा आणि मग आत जा. दिवाळीत पहाटे सगळं घर ओळीने अभ्यंगाला बसतं, किंवा होळीचा रंग काढायला एकापाठोपाठ एक जण आत जातो, तेव्हा पहिल्याला काही होत नाही, चौथ्यासाठी हवाच शिल्लक नसते. काही मशीनला वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते, पण ती बंद झाली की लोक परत चालू करतात, मग ती सोय कशाला?

आता धुराड्याबद्दल. आपल्याकडे बरेच गिझर बिनधुराड्याचे येतात, वरच्या फटीतून सगळं त्याच खोलीत सोडतात. काहींना डोक्यावर तोंड असतं, त्याला फ्लू, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, लावून तो बाहेर काढायचा. हा पाइप लावताना जे प्रकार बघितलेत मी! एकाने वॉशिंग मशीनचा नळीवाला पाइप लावला होता. एकाने पीव्हीसी, आणि म्हणाला यूट्यूबवर परदेशात असाच लावतात. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे म्हणून सांगतो. माझा मावसभाऊ टोरंटोला असतो, त्यांच्याकडे तळघरात घर गरम करायचं गॅसचं फर्नेस आहे आणि त्याला खरंच प्लास्टिकचे दोन पाइप आहेत, एकातून बाहेरची हवा आत, दुसऱ्यातून धूर बाहेर. पण त्या मशीनमध्ये धुरातली उष्णता इतकी काढून घेतात की धूर थंड होतो, त्यातल्या वाफेचं पाणी होतं, आणि ते पाणी परत मशीनकडे वाहून यावं म्हणून आडव्या पाइपला फुटाला पाव इंच उतार मशीनच्या दिशेने देतात. पंख्याने ढकललेला धूर असतो तो. आपल्या गिझरला पंखा नाही, धूर गरम असतो म्हणून हलका आणि हलका म्हणून वर जातो, तेवढीच त्याची ताकद. तिथे पीव्हीसी मऊ पडून वाकतो. आपल्याला धातूचाच पाइप, गिझरच्या तोंडाएवढ्याच मापाचा, कुठेही बारीक न करता, तोंडातून आधी सरळ वर जाऊ द्यायचा, मग वळवायचा, आणि आडवा भाग बाहेर जाताना चढता, फुटाला पाव इंच तरी, तिकडच्या जुन्या पद्धतीच्या फर्नेसला देतात तसाच. पोटात झोळ पडला की धूर तिथे थांबलाच.

हवा आत यायची वाट पण बघा. तिकडे फर्नेस बंद कपाटासारख्या खोलीत ठेवायचं आणि हवा घरातूनच घ्यायची तर अमेरिकन नियमात दोन जाळ्या लागतात, एक छताजवळ एक जमिनीजवळ, प्रत्येकी कमीत कमी शंभर चौरस इंच, म्हणजे दहा बाय दहाचं भोक, दोनदा. आपल्याकडे मी दाराखालची फट मागितली तरी लोक म्हणतात झुरळं येतील.

आणि पाइपचं दुसरं टोक कुठे सोडलंय? बिल्डिंगच्या डक्टमध्ये सोडू नका हो. सगळ्यांची बाथरूम त्याच डक्टवर उघडतात, तुमचा धूर वर चढून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या खिडकीत जातो, आणि त्यांच्याकडे तर गिझरच नाही, त्यांना कळणार कसं? बाहेर मोकळ्या बाजूला काढा आणि तोंडाला टोपी बसवा. टोरंटोचा भाऊ सांगतो बर्फ पडला की तो आधी फावडं घेऊन पाइपची तोंडं मोकळी करतो. आपल्याकडे बर्फ नाही, आपल्याकडे कबुतर आहे. मी एका पाइपमधून घरटं काढलंय, वायर, झाडूच्या काड्या, एक इअरफोन आणि दोन अंडी, आणि घरातले म्हणत होते की हल्ली पाणी तापायला वेळ लागतो.

एक्झॉस्ट फॅनबद्दल लोकांचा मोठा गैरसमज. फॅन लावला की सुरक्षित, असं वाटतं. बिनधुराड्याच्या गिझरला बाहेरून हवा यायची वाट असेल तर फॅनने मदत होते, पण फ्लूवाला गिझर आणि फॅन एकाच बंद खोलीत असले तर फॅन हवा ओढतो, ती भरायला दुसरी वाट नाही, मग ती फ्लूमधूनच उलटी येते, धुरासकट. किचनची मोठी चिमणी पण हेच करते. बघायचं असेल तर घरची उदबत्ती घ्या. आधी गॅसचा वास नाही ना ते बघा, वास असेल तर काही पेटवू नका, फॅनचं बटणसुद्धा दाबू नका. वास नसेल तर दारं-खिडक्या लावून, फॅन आणि चिमणी चालू करून, गिझर पाच मिनिटं चालवा आणि उदबत्ती गिझरच्या वरच्या तोंडापाशी धरा. धूर आत ओढला गेला तर बरं. तो तुमच्याकडे वळला तर गिझर बंद, खिडकी उघडा, मेकॅनिकला फोन.

ज्योत निळी हवी. पिवळी, लांब, डुलणारी दिसली की बर्नर किंवा वरच्या तांब्याच्या पात्या तुंबल्यात. तलावाचं पाणी तसं सौम्य, पण टँकर-बोअरिंगवर असाल तर आत क्षार धरतात, वरळी-वर्सोव्याला खारं वारं बर्नर खातं. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या, दिवाळीच्या आधी, आणि समोर उभे राहा, नाहीतर आमच्यातलेच काही जण बाहेरून फडकं मारून पैसे घेतात. सिलेंडरवरून महानगर गॅसच्या लाइनीवर, म्हणजे पाइपच्या गॅसवर, गेलात तर आतले जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकं, बदलावे लागतात. आणि उलटं, लाइनीचा गिझर गावी नेऊन सिलेंडरला जोडलात तर भोक मोठं असल्याने गॅस जास्त येतो, पिवळी काजळीची ज्योत आणि मोनॉक्साइड ढिगाने.

अलार्म मिळतो, पण दुकानात नीट विचारा. गॅस लीक डिटेक्टर वेगळा आणि कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, दुकानदार बिनधास्त पहिला हातात ठेवतो. कॅनडातल्या ऑन्टारियोत घरात गॅस जळत असेल तर हा दुसरा अलार्म २०१४ पासून कायद्यानेच लागतो.

कुणी आत पडलं असेल तर दार तोडा, श्वास धरून आत जा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, मग गिझरचा कॉक बंद, १०८ ला फोन. आणि कोविडपासून घरात पडलेला ऑक्सिमीटर लावून ९८ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, त्या यंत्राला रक्तातला ऑक्सिजन आणि मोनॉक्साइड वेगळा ओळखता येत नाही. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की गॅस गिझर चालू होता, नाहीतर फिट आली समजून भलत्याच तपासण्या होतात. साध्या हवेत हा रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास.

काचेपलीकडून मला हात करतायत, म्हणजे वेळ झाली. मलाही निघायला हवं, पावसाळ्यात माझ्याच फ्लूच्या टोपीची जाळी तुटलीये आणि कालपासून एक कबुतर तिथे काड्या आणून ठेवतंय, बायको दोनदा बोलली, आणि मी इथे येऊन तुम्हाला सांगत बसलोय. नमस्कार.