पाणी कुठवर आलंय?

(दृश्य : गोदाघाट, पुराचं पाणी)

नाशिकमध्ये गंगेला पूर आला की लोक क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं त्या हिशेबात, बोलत नाहीत. एकमेकांना विचारतात, "मारुतीच्या कुठवर आलंय?" गोदावरीला इथे गंगाच म्हणतात, आणि मारुती म्हणजे रामकुंडापाशी पात्रातच उभा असलेला हा दुतोंड्या मारुती. पायाला पाणी लागलं की बघ्यांची गर्दी जमते. कमरेला आलं की घाटावरच्या टपऱ्या हलतात. छातीच्या वर गेलं की सराफ बाजारात माल वरच्या फळीवर चढायला लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तर अख्खा मारुती पाण्याखाली गेला होता.

(दृश्य : वहीची पानं)

ताई मात्र क्युसेकमध्येच बोलते. ही तिची वही. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं, होळकर पुलाखालून किती गेलं, मारुतीच्या कुठवर चढलं, अशा तीन पावसाळ्यांच्या नोंदी इथे आहेत. एकही दिवस गाळलेला नाही. ताई १४ वर्षांची आहे. तिचं खरं नाव सांगायचं नाही असं तिच्याशी ठरलंय. धाकटा भाऊ ताई म्हणतो, आपणही तेच म्हणू.

ताईला ऑटिझम आहे, म्हणजे आवाज, उजेड, बदल, माणसांशी वागणं हे सगळं तिचा मेंदू जन्मापासूनच वेगळ्या पद्धतीने हाताळतो. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द आम्हाला पटत नाही. शेजारच्या वर्गातल्या पंख्याची खडखड ऐकू आली की जिचं गणित अर्ध्यावर राहतं, ती मुलगी स्वतःत मग्न कशी?

(दृश्य : खुंटीवरचा गणवेश)

हा गणवेश गेल्या दिवाळीपासून इथेच आहे. सुट्टी संपली, शाळा उघडली, आणि सकाळी सहाला ताईच्या पोटात कळ आली. दुसऱ्या दिवशीही आली. रविवारी नाही. सोमवारी पुन्हा. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. मग सल्ले सुरू झाले. नाटकं करते. तुम्हीच लाडावून ठेवलीय. दोन फटके द्या, सुतासारखी सरळ होईल. घरच्यांनी रागावून पाहिलं, नवा मोबाइल देतो म्हणून पाहिलं. एका सकाळी बाबांनी हाताला धरून शाळेच्या फाटकापर्यंत नेलं. ती तिथेच खाली बसली, दोन्ही कान दाबून. पुढचे नऊ दिवस ती कुणाशीही बोलली नाही.

(दृश्य : रविवारची रिकामी शाळा)

रविवारी शाळा अशी दिसते. शांत, उन्हात धुतलेली. आता ताईने लिहून दिलेली यादी ऐका, आणि हाच व्हरांडा सोमवारचा आहे असं समजा.

प्रार्थनेचा कर्णा. घंटा, कारण ती कधी वाजणार हे माहीत असूनही दचकायला होतं. फळ्याजवळची लुकलुकणारी ट्यूबलाइट. मधल्या सुट्टीत ६० डब्यांचा एकत्र वास. दर सोमवारी बदलणारा बाक. ऑफ तासाला कोण येणार ते माहीत नसणं. आणि शेवटची ओळ, "असं काय करतेस, हा प्रश्न."

सातवीपर्यंत हे सगळं ती सोसत होती, आणि कुणाला कळत नव्हतं. तिच्या बाकावर एक मैत्रीण होती. ती हसली की हसायचं, तिने वही काढली की वही काढायची, ती उठली की उठायचं. शिक्षकांना दिसत होती एक हुशार, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली मुलगी. घरी आल्यावर तीच मुलगी दोन-दोन तास गोधडीखाली पडून असायची. आठवीत मैत्रिणीची तुकडी बदलली. ऑटिझमचं निदान त्यानंतर झालं, तेराव्या वर्षी. मुलींच्या बाबतीत असा उशीर बऱ्याचदा होतो. सगळ्यांसारखं वागण्याची नक्कल अनेक मुली इतकी चांगली करतात की त्यात त्या किती थकतात, हे कुणी बघतच नाही.

ऑटिस्टिक मुलांमधल्या चिंताविकारांबद्दलच्या, म्हणजे रोजचं जगणं अडवणाऱ्या भीतीबद्दलच्या, अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४० टक्के मुलांना किमान एक चिंताविकार होता. ताईचं शाळेत न जाणंही अशा भीतीतूनच होतं, ते शाळा बुडवणं नव्हतं. शाळा बुडवणारं मूल दप्तर घेऊन घरातून निघतं आणि भलतीकडे जातं. ताई घरातच होती, आणि भूगोलाचा धडा कुठवर झाला हे रोज आईला वर्गातल्या मुलींकडे विचारायला लावत होती.

(दृश्य : स्वयंपाकघर, फ्रिजवर चिकटवलेलं चित्र)

समुपदेशकांनी पहिली गोष्ट सांगितली ती थांबायची. तीन आठवडे घरात शाळा हा शब्द काढायचा नाही. झोप परत येऊ दे, जेवण परत येऊ दे. आजीला हे अवघड गेलं, पण तिनेही पाळलं.

दुसरी गोष्ट ताईनेच शोधली. भीती किती वाटते, एक ते दहामध्ये सांग, असं विचारलं की ती गप्प व्हायची. मग एका संध्याकाळी तिने हे चित्र काढलं. मारुती. पाय, गुडघे, कंबर, छाती, गळा. तेव्हापासून या घरात एकच प्रश्न विचारला जातो.

"पाणी कुठवर?"

"कमरेला."

बस. यापुढे का, कशामुळे, असं काही विचारायचं नाही.

(दृश्य : स्कूटर, रस्ता, समोरून शाळेचं फाटक)

हा रस्ता नीट बघा, कारण तो पार करायला सहा महिने लागलेत. पहिला टप्पा रविवारचा होता. स्कूटरवरून शाळेसमोरून जायचं, थांबायचं नाही. असं चार रविवार. मग समोरच्या फुटपाथवर थांबायचं, उसाचा रस पिऊन परत यायचं. मग फाटकाला हात लावायचा. मग शाळा सुटल्यावर, मुलं गेल्यावर, आत जाऊन पाणी प्यायच्या टाकीपर्यंत. मग ग्रंथालय, भूगोलाच्या मॅडम एकट्याच असताना, दहा मिनिटं.

प्रत्येक टप्पा आदल्या रात्री कागदावर लिहायचा. किती वाजता, कोण भेटणार, किती मिनिटं, कुठून बाहेर पडायचं. धरणातून पाणी सोडायच्या आधी नदीकाठच्या लोकांना इशारा देतात. ताईचं म्हणणं एवढंच होतं, की मलाही तसा इशारा द्या.

पाणी कमरेपर्यंत असेल तर तिथेच उभं राहायचं, ओसरेपर्यंत. छातीला लागलं की परत फिरायचं, कुणी काही बोलायचं नाही, पण दोन दिवसांनी टप्पा थोडा लहान करून पुन्हा निघायचं. हे पुन्हा निघणं महत्त्वाचं आहे. घरी राहिलं की हायसं वाटतं, आणि दर वेळी हायसं वाटलं की शाळा खरंच धोक्याची होती अशी मेंदूची खात्री पटत जाते. उलट एकदम वर्गात ढकललं, तरीही तीच खात्री पटते.

(दृश्य : वर्ग, नवी ट्यूबलाइट, दाराजवळचा बाक)

पण नुसती मुलीची भीती कमी करत बसलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं, असं आमचं ठाम मत आहे. यादीतला कर्णा खरा होता. ट्यूबलाइट खरोखर लुकलुकत होती. आईने ती यादी जशीच्या तशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. ट्यूब बदलली, त्याला एक दिवस लागला. दाराजवळचा हा बाक वर्षभरासाठी ताईचा झाला. प्रार्थनेला न येण्याची मुभा मिळाली. आणि हे निळं कार्ड. ते बाकावर ठेवलं की ताई न विचारता उठून ग्रंथालयात जाऊ शकते. आतापर्यंत तिने ते दोनदा वापरलंय. खिशात मात्र रोज असतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करून देणं सरकारमान्य शाळांना बंधनकारक आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात. शाळा जमलीच नाही तर बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. या काळात आठवीची हजेरी बुडाली, आणि आईची पतसंस्थेतली नोकरी सुटली.

(दृश्य : फाटकाबाहेर स्कूटरवर बसलेली आई. पाऊस.)

आज बुधवार. तिसरा तास. ताई आत आहे, वर्गात, ४० मुलांबरोबर. कानांवर आवाज कमी करणारे हेडफोन आहेत. आई बाहेर थांबली आहे, तासभर थांबायचं असं कागदावर लिहिलंय म्हणून.

(दृश्य : घंटा. मग वहीचं आजचं पान.)

"गंगापूरमधून विसर्ग सुरू. मारुतीच्या पायाला पाणी.

तिसरा तास. भूगोल. पूर्ण बसले. सुरुवातीला छाती, नंतर कमरेच्या खाली.

उद्या पुन्हा तिसरा तास. चौथा अजून नको."