बडगी, दात आणि पोट : भाकरीच्या एका घासाचा प्रवास

यावल तालुक्यातलं बामणोद. थंडीची संध्याकाळ, शेतात पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ केलाय आणि त्यात ही फिकट हिरवी मोठमोठी वांगी टाकलीत. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते हेच वांगं, बिया कमी आणि गर भरपूर. साल निघाली की गर बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात जातो, मिरची-लसूण पडतो आणि मग दणादण ठेचणं सुरू. हा आवाज लक्षात ठेवा, पोटात गेल्यावर हेच काम परत होणारे.

आता या आजींकडे बघा. ताटात कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. घास केवढासा घेतलाय, आणि किती वेळ चावतायत ते बघा, आम्ही हा शॉट मुद्दाम कापला नाही. शेजारी नातू बसलाय, त्याचे तेवढ्यात तीन घास गेले. आजी त्याला म्हणतात, "हयूहयू खाय रे बाबा."

चावणं म्हणजे नुसतं बारीक करणं नाही. आपल्या तोंडात दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिच्यातलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य भाकरीतल्या स्टार्चची साखर करायला तिथेच सुरुवात करतं. घरी करून बघा, भरीत नको ठेचा नको, नुसती भाकरी तोंडात घेऊन चावत राहा, थोड्या वेळाने ती गोड लागायला लागते. आपण एवढी भाकरी खाणारी माणसं, पण ही गोडी किती जणांना माहितीये?

आणि मिरची लागली की आपण "आग झाली" म्हणतो ते खरंच बरोबर आहे, कारण चटका बसल्यावर ज्या नसा जाग्या होतात त्याच नसांना मिरचीतलं कॅप्सेसिन जागं करतं.

घास गिळला. श्वासनळीच्या तोंडावर एक छोटं झाकण पडतं, बोलता बोलता जेवलं आणि ते चुकलं की ठसका. पुढे साधारण २५ सेंटीमीटरची अन्ननलिका, पण घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही, नळीचे स्नायू त्याला लाटेसारखे मागून ढकलत नेतात, म्हणून आडवं पडून गिळलं तरी तो पोटातच जातो.

हे आता जठर. एका डॉक्टरांनी आम्हाला दुर्बिणीतून केलेलं शूटिंग दिलं. या गुलाबी, ओल्या घड्या बघा, इथे धातूला खाईल असं ॲसिड सुटतं आणि स्वतःच्याच भिंती जळू नयेत म्हणून त्यांच्यावर चिकट थर असतो. आणि ही लाट येतेय बघा... मिनिटाला साधारण तीन लाटा, घुसळायचं, दाबायचं, परत घुसळायचं. बडगीच आहे ही दुसरी. फक्त हिला दात नाहीत. खाली जे दार आहे त्यातून साधारण एक-दोन मिलीमीटरचेच कण पुढे सोडले जातात, मोठा तुकडा आला की दार बंद, तुकडा मागे, परत ठेचणं. दातांनी सोडलेलं काम असं इथे पोटाला करावं लागतं. म्हणून घाईत जेवलेलं पोटात दगडासारखं बसतं, सोबत हवाही गिळली जाते मग ढेकरा, फुगणं वगैरे.

दोन ते चार तासांत जठर बरंचसं रिकामं होतं, तेल जास्त असेल तर अजून उशीर. लहान आतड्याचं शूटिंग आमच्याकडे नाही. साधारण सहा मीटर लांबी, तिथे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मिसळतो आणि अन्नातलं बहुतेक सगळं सत्त्व रक्तात जातं. उरतो तो ज्वारी-उडदाचा चोथा, तो मोठ्या आतड्यातले जंतू खातात आणि आतड्याच्या भिंतीला त्यातून खाद्य मिळतं, उडदाने गॅस होतो तोही इथलाच. पाणी शोषलं जातं, आणि एक ते तीन दिवसांत प्रवास संपतो.

परत शेतात. जाळ विझत आलाय, पोरांनी हात धुतले. आजींच्या ताटात अजून अर्धी भाकरी आहे.