उडी सोडा, उतरणं पाहा

अध्यक्ष भाऊसाहेब, वाचनालयाची मंडळी, समोर सतरंजीवर बसलेली लेकरं अन् मागं खुर्च्यांवरचे सगळे काका-काकू, नमस्कार. बोर्डावर बॅले हा विषय लिहिला तेव्हापासून पानठेल्यावर मला एकच प्रश्न विचारून राहिले लोक, सर, तुम्ही कबड्डीचे माणूस, तुम्हाला हे काऊन सुचलं? बरोबर आहे. पीटीचा मास्तर मी, अर्धी जिंदगी पोट्ट्यांना लाँग जंप शिकवण्यात गेली. तिथंच एक गोष्ट समजली की उडी कोणीही मारते, गुडघा जाते तो उतरताना. म्हणून मोबाइलवर पहिल्यांदा बॅले पाहिला तेव्हा ते कपडे, ते हात, ती बाई किती सुंदर, ह्याच्याकडे लक्षच गेलं नाही, मी तोच तुकडा आवाज वाढवून वाढवून पाहत होतो की एवढ्या वरून खाली येते तर पाय पडल्याचा आवाज कुठं जाते.

तो कुठं जाते ते आज सांगतो, अन् त्यासाठी चारेकशे वर्षं मागं जावं लागते.

हा नाच राजवाड्यातला. इटलीच्या दरबारांत सुरू झाला, तिथून मेदिची घराण्यातली कॅथरीन फ्रान्सची राणी झाली तिच्या काळात पॅरिसला रुजला. 1581 मध्ये तिथं दरबारात एक मोठा खेळ झाला, कित्येक तास चाललेला, त्याला पुष्कळ लोक पहिला बॅले म्हणतात. पण खरा नाद लागला तो चौदाव्या लुईला. 1653 मध्ये, वय 14, रात्रभराच्या खेळात शेवटी सूर्य बनून तो स्वतः नाचला, अन् सूर्यराजा हे नाव त्याला जन्मभर चिकटलं. 1661 मध्ये त्यानं नाचाची अकादमीच काढली. त्याचा नृत्यगुरू पिएर बोशां, त्यानं पायांच्या पाच स्थिती पक्क्या केल्या, त्या आजही जगात कुठंही गेलं तरी त्याच, अन् शब्द सगळे फ्रेंच.

ह्यात पाय बाहेर वळवतात, पण कुठून? खुब्यापासून. नुसता पंजा फिरवला तर गुडघ्याला पीळ बसते, हे शाळेतल्या पोरांना मी रोज ओरडून सांगतो. अन् रोजच्या सरावात पहिला प्रकार असते प्लिए, म्हणजे दांडीला हात धरून गुडघे बाहेरच्या बाजूनं हळूहळू वाकवायचे अन् परत सरळ. जगातला मोठ्यात मोठा नर्तक असला तरी सकाळी उठून हेच करते. काऊन? कारण उडी निघते ह्या वाकण्यातून अन् उतरताना सगळं वजन जिरते तेही ह्याच्यातच. आधी बोटं टेकतात, मग चवडा, मग टाच, अन् त्याच वेळी गुडघा वाकत जाते. आवाज जाते तो इथं.

हा आवाज गिळायचा हट्ट एका बापानं टोकाला नेला. मारी तालिओनी नावाची पोरगी, बाप फिलिप्पो, तोच गुरू. रोज सहा तास घासून घेई, एकेक स्थिती धरून शंभर आकडे मोजायला लावी. किस्सा असा सांगतात की ते राहत होते तिथं खालच्या मजल्यावरच्या माणसानं निरोप धाडला, पोरीला सांगा माझ्यासाठी दबकून नाचू नको, करू दे सराव, तर बाप भडकला, म्हणे तिचं पाऊल मला तिच्या बापाला आजवर ऐकू आलं नाही, ज्या दिवशी येईल त्या दिवशी संबंध संपला. 1832 मध्ये पॅरिसला ला सिल्फीद ह्या बॅलेत ती बोटांच्या टोकावर नाचली अन् लोक येडे झाले. टोकावर तिच्या आधीही बाया उभ्या राहिल्या होत्या, पण कसरत म्हणून. हिनं त्यातली कसरत लपवली.

तेव्हाचे बूट मऊ सॅटिनचे, टोकाला फक्त धाग्यानं रफू केलेलं. आजच्या बुटाचं टोक कापड, कागद अन् गोंद थरावर थर चढवून टणक करतात, वरून सॅटिन. पण नवा बूट लाकडी फळ्यांवर टकटक वाजते, म्हणून नाचणारी बाई तो आधी भिंतीवर नाही तं फरशीवर आपटून घेते, तळ वाकवते, फिती स्वतः सुईदोऱ्यानं शिवते, घसरू नये म्हणून राळेत पाय घोळते. अन् एवढं करून तो जोडा मोठ्या खेळात कधीकधी एका रात्रीत बाद होते, घामानं गोंद मऊ पडते ना.

अन् हे हलकं दिसणं फुकट मिळत नव्हतं बरं का. स्टेजवर गॅसचे दिवे आले, चांदण्यासारखा उजेड पडू लागला, त्यात पातळ जाळीचे झगे. पॅरिसच्या एमा लिव्रीनं 1862 मध्ये तालमीला झगा जरा झटकला अन् दिव्याचा जाळ लागला. आग न लागणारं कापड तेव्हा निघालं होतं, तिनं नाही म्हटलं, कारण ते मळकट अन् ताठ दिसते. पुढच्या वर्षी गेली, वय एकवीससुद्धा पूर्ण नव्हतं.

रशियाचा भाग पटकन सांगतो, त्याच्यावर वेगळं व्याख्यान होईल. मारिउस पेतिपा हा नाच बसवणारा फ्रेंच माणूस 1847 मध्ये पीटर्सबर्गला गेला तो तिथलाच झाला, चायकोव्हस्कीच्या संगीतावर स्लीपिंग ब्यूटी 1890, स्वान लेकचा आज चालते तो अवतार 1895. त्यातले अर्धे प्रवेश त्याच्या हाताखालच्या लेव इव्हानोव्हचे, अन् खरं सांगू का, मला तेच जास्त आवडतात. चार पोरी हाताची साखळी करून तिरक्या तिरक्या उड्या मारत जातात तो तुकडा त्याचाच, एकीचा पाय चुकला तर चौघी जातात. पेतिपानं 1877 मध्ये हिंदुस्थानावरही एक बॅले केला, ला बायादेर, देवळातली नर्तकी, राजा, साप, सगळं आहे बाप्पा, इकडं कधी न येता.

मग आला निजिन्स्की, रशियातला नर्तक. 1911 मध्ये एका छोट्या बॅलेत तो शेवटी खिडकीतून बाहेर उडी मारते. लोक सांगत सुटले की तो वर गेला तो खाली आलाच नाही. खाली येणं प्रेक्षकांना दिसतच नव्हतं ना, पडद्यामागं माणसं त्याला झेलायला उभी! अन् ह्याच माणसानं 1913 मध्ये पॅरिसला स्त्राविन्स्कीच्या संगीतावरच्या राइट ऑफ स्प्रिंग ह्या बॅलेत सगळं उलटं केलं, पंजे आत वळवले, अन् नाचणाऱ्यांना जमिनीवर दणादण पाय आपटायला लावले. थिएटरात असा गोंधळ, असा आरडाओरडा की वाद्यं ऐकू येईनात. आपल्या झाडीपट्टीतल्या माणसाला ह्यात काय वावगं वाटेल सांगा, घुंगराचा पाय दणकन पडला नाही तं दंडार कसली? पण अडीचशे वर्षं ज्यांनी वजन लपवलं त्यांच्यासमोर ते उघडं टाकलं होतं त्यानं.

ह्याच वाटेनं पुढं बॅलन्शिन गेला, अमेरिकेत. 1934 मध्ये सेरेनाड हा बॅले बसवताना तालमीत एक पोरगी पडली, एक उशिरा आली, त्यानं दोन्ही गोष्टी नाचात घालून टाकल्या. गोष्ट नाही, राजा-राणी नाही, पुढं पुढं तर साधे सरावाचे कपडे अन् नुसतं शरीर. शिकवण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या. रशियात वागानोव्हाची पद्धत, पाठ मजबूत अन् उड्या उंच. डेन्मार्कात बुर्नोनव्हील, हात शांत अन् पायात टणाटण चेंडू. इटलीच्या चेकेट्टीची अशी की आठवड्याच्या प्रत्येक वाराचा व्यायाम ठरलेला. माझा जीव डेन्मार्कवाल्यांवर. खाली येऊन थांबतच नाही तिथं कोणी, उतरणं हीच पुढची उडी.

आपल्याकडं? रशियाची बॅले नर्तकी आना पाव्हलोव्हानं 1923 मध्ये उदय शंकरांना सोबत घेऊन राधा-कृष्णाचा नाच लंडनला केला. रुक्मिणीदेवी अरुंडेलना तिनंच आपल्या देशाच्या नृत्याकडं वळायला सांगितलं, पुढं त्यांनी 1936 मध्ये कलाक्षेत्र ही नृत्याची संस्था उभी केली. शुद्ध बॅले शिकवणारी तुष्ना डल्लास यांची शाळा मुंबईत 1966 पासूनची, अन् अलीकडं मुंबईकडच्या एका टॅक्सीवाल्याचा पोरगा, मनीष चौहान, उशिरा सुरुवात करून ह्यात उतरला. पोट्ट्यांनी हे बाईचं काम म्हणायचं नाही, एक बाई डोक्याच्या वर उचलून चालून दाखवा मग बोलू.

समोरून चिठ्ठी आली आहे, सर, दुखते का? हो बेटा, दुखते. फोड येतात, नखं काळी पडतात, घोटे जातात. म्हणून टोकाचे बूट साधारण अकरा-बारा वर्षांच्या आत देत नाहीत, आधी काही वर्षं मऊ जोड्यात पाय अन् पाठ तयार करून घेतात. तेव्हा घरी जाऊन पलंगाला धरून अंगठ्यावर उभं राहायचं नाही, सांगून ठेवतो. प्लिए करा, कितीही करा, सोमवारी ग्राउंडवर मी घेणारच आहे.