डोळे पाठवतात थोडं, मेंदू दाखवतो भरपूर

मित्रांनो, आधी एक प्रयोग करूया. कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे सात-आठ सेंटीमीटरवर एक ठळक ठिपका. आता डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडेच बघत रहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण पंचवीस-तीस सेंटीमीटरवर ठिपका गायब होतो. गेला ना? आता तिथे काय दिसतंय बघा, काळं भोक नाही दिसत, कोरा कागद दिसतो, आणि मला सगळ्यात भारी हेच वाटतं. डोळ्यातली नस जिथून मेंदूकडे निघते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, हा अंधबिंदू मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1660 च्या दशकातच शोधला होता. म्हणजे ती जागा प्रत्येकाच्या डोळ्यात जन्मापासून आहे, पण मेंदू आजूबाजूचं बघून ती परस्पर भरून टाकतो आणि आपल्याला विचारतही नाही.

एका डोळ्याच्या रेटिनात, म्हणजे मागच्या पडद्यात, बारा कोटींच्या आसपास प्रकाशपेशी असतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू साधारण दहा-बारा लाख, त्यामुळे गाळणी डोळ्यातच सुरू होते. शिवाय बारीक स्पष्ट दिसतं ते नजरेच्या अगदी मधल्या छोट्याशा भागात, म्हणून डोळे सेकंदाला दोन-तीनदा उड्या मारत असतात. आरशात आपल्याच एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे नजर न्या, डोळे हलताना तुम्हाला अजिबात दिसणार नाहीत, शेजारी उभ्या माणसाला मात्र स्पष्ट दिसतील. उडीच्या वेळचं धूसर चित्र मेंदू दाबून टाकतो.

कानाचंही तसंच. 1976 साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या संशोधकांनी दाखवलं की आवाज 'बा' चा ठेवला आणि ओठ 'गा' म्हणणारे दाखवले तर बऱ्याच लोकांना 'दा' ऐकू येतं! डोळे मिटले की पुन्हा 'बा'. आणि ही गंमत माहीत असूनही ऐकू 'दा'च येतं, कारण मेंदू दोन्ही साक्षी एकत्र करून मगच निकाल देतो.

पण आपण इंद्रियं पाचच मोजतो याचं मला खरंच वाईट वाटतं. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं कुठे वळतंय ते सांगतात. गाडीत वाचताना मळमळतं ते यामुळेच, कान म्हणतो आपण हलतोय, पानावर खिळलेले डोळे म्हणतात स्थिर आहोत.

आणि स्नायू-सांध्यांमधली जाणीव, जिच्यामुळे डोळे मिटूनही बोट बरोबर नाकावर जातं, तिच्याकडे तर कुणाचं लक्षच नसतं. आर्डेम पॅटापुटियन या शास्त्रज्ञाच्या टीमने पेशीवरचा दाब ओळखणारी पिएझो नावाची प्रथिनं शोधली, 2021 चं नोबेल त्यांना आणि डेव्हिड ज्युलियस यांना मिळालं. यातलं पिएझो-2 याच जाणिवेसाठी लागतं, आणि ते जन्मतःच काम करत नाही अशी काही मोजकी माणसं आहेत. ती चालतात, कामं करतात, पण हातपाय सतत नजरेखाली ठेवून. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली की पाय कुठे आहेत हेच त्यांना कळत नाही, तोल जातो आणि आधाराशिवाय चालताच येत नाही.