80 जणांच्या सभागृहातून 5 जणांच्या मंडळात: माइक अँटोनोविच यांची कारकीर्द

नमस्कार. आमदार राहिलेला माणूस जिल्ह्याच्या कारभारात गेला, की आपल्याला तो दोन पायऱ्या खाली उतरल्यासारखा वाटतो. कॅलिफोर्नियात माइक अँटोनोविच हेच करून जास्त ताकदवान झाले. ते कसं, हे आज बघू.

मूळचे शिक्षक. 1969 मध्ये लॉस एंजेलिसच्या कम्युनिटी कॉलेजांच्या विश्वस्त मंडळावर निवडून आले. 1972 मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे राज्याच्या असेंब्लीत. 1978 मध्ये लेफ्टनंट गव्हर्नरपदाच्या (गव्हर्नरच्या खालोखालचं पद) पक्षांतर्गत लढतीत हरले. 1980 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कारभार बघणाऱ्या सुपरवायझर मंडळावर गेले आणि तिथे सलग 36 वर्षं राहिले.

(पडद्यावर: काउंटीचा नकाशा)

असेंब्लीत 80 सदस्य, साध्या विधेयकाला 41 मतं लागतात. मंडळात सदस्य फक्त 5, ठरावाला 3 मतं पुरतात. काउंटीची लोकसंख्या सुमारे 1 कोटी, म्हणजे एका सुपरवायझरमागे 20 लाख माणसं. शिवाय नियम करणारं मंडळच आणि ते राबवून घेणारंही मंडळच. शेरीफ, म्हणजे काउंटीच्या पोलिसांचा प्रमुख, मात्र लोकांतून वेगळा निवडला जातो; अँटोनोविच यांच्या काळात मंडळाच्या हातात त्याचं फक्त बजेट होतं. काउंटीत 88 शहरं आहेत. पण सुमारे 10 लाख लोक कुठल्याच शहराच्या हद्दीत येत नाहीत. त्यांचे रस्ते, बांधकाम परवाने, सगळं काउंटीकडे.

आता आमदार इथे अडखळतो कुठे? राजधानी सॅक्रामेंटोत पक्षाच्या बैठकीत दार लावून मतांची जुळवाजुळव करता येते. स्थानिक संस्थांना ब्राउन कायदा लागू आहे, 1953 पासून. बहुमताइतक्या सदस्यांनी, म्हणजे इथे तिघांनी, खासगीत विषयावर चर्चा केली तर ती बेकायदा सभा. एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला फोन केला, तरी तेच. कर्मचाऱ्यांमार्फत निरोप फिरवला तरी सुटका नाही. विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते. आपल्याकडचा ‘ऐनवेळचा विषय’ तिथे सहज घुसत नाही: गरज विषयपत्रिका लागल्यानंतर समोर आलेली हवी, निर्णय तातडीचा हवा, आणि दोन तृतीयांश मतं हवीत. पाचांत दोन तृतीयांश म्हणजे 4. इथे तीन मतांचं बहुमतही अपुरं पडतं. म्हणून या मंडळात भाषणापेक्षा आधी नीट लिहून दिलेला ठराव मोलाचा, आणि तो लिहिणारे डेप्युटी, म्हणजे सुपरवायझरचे सहायक, त्याहून मोलाचे.

1980 साली अँटोनोविच आणि डीन डेना दोघेही निवडून आले, पीट शाबारम आधीच होते, आणि मंडळात पुराणमतवादी तिघांचं बहुमत झालं. 1990 मध्ये फेडरल न्यायालयाने निकाल दिला, की 1981 ची मतदारसंघ रचना लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मतदारांची ताकद जाणूनबुजून फोडणारी होती. हा निकाल योग्यच होता. नव्या मतदारसंघातून 1991 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या ग्लोरिया मोलिना आल्या आणि ते बहुमत संपलं.

पुढची 25 वर्षं अँटोनोविच अल्पमतात. मला त्यांच्या कारकिर्दीचा हाच भाग महत्त्वाचा वाटतो. करकपात हा पुराणमतवाद्यांचा जिव्हाळ्याचा मुद्दा, पण मालमत्ता कराचा दर मंडळाच्या हातातच नाही. 1978 मध्ये राज्याच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन 13 या प्रस्तावाने तो करपात्र मूल्याच्या 1 टक्क्यावर बांधला, मूल्यातली वाढ वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के. जमा रकमेची वाटणी राज्य ठरवतं, आणि 1990 च्या दशकात राज्याने त्यातला मोठा हिस्सा शाळांकडे वळवला. मग सुपरवायझरने काटकसर करायची ती खर्चाच्या बाजूनेच.

उरतात पक्षरेषेबाहेरचे विषय. पालकांपासून दूर, सरकारी देखरेखीतल्या मुलांचा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरला. मंगळवारच्या सभेत ते काउंटीच्या निवारा केंद्रातलं कुत्रं किंवा मांजर घेऊन यायचे, कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि दत्तक घेण्यासाठी आवाहन करायचे. सभेचं प्रक्षेपण होत असल्याने ते घराघरांत पोचायचं. या कामाला तीन मतं लागत नाहीत.

2002 मध्ये मतदारांनी चार-चार वर्षांच्या तीन मुदतींची मर्यादा घातली, तीही आधीची वर्षं न धरता तिथून पुढे मोजायची. त्यामुळे ते 2016 पर्यंत टिकले. त्या वर्षी राज्याच्या सिनेटसाठी, म्हणजे पुन्हा कायदेमंडळासाठी, लढले आणि हरले. त्यांच्या मंडळातल्या जागेवर कॅथरिन बार्गर निवडून आल्या. त्याआधी त्या अँटोनोविच यांच्याच मुख्य डेप्युटी होत्या.